पुतळ्याचा ठराव करण्याआधी: ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ऑस्ट्रेलियातील मराठी मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

२६ मे, म्हणजे 'सॉरी डे', जवळ आला की बैठकीत कुणीतरी विषय काढतो. या देशात ॲबोरिजिनल मुलांना आईबापांपासून तोडून नेलं, त्यांच्या आठवणीसाठी आपल्या मंडळानं काहीतरी उभारावं. एखादं शिल्प, भिंतीवरचं चित्र, निदान बागेतला एक बाक. या भावनेबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. आम्ही सार्वजनिक कलाकृतींचे पाये, धातुकाम, दगडकाम आणि देखभाल यांत काम करणारी माणसं. कामं कुठे फसतात हे आम्हाला ठाऊक आहे, आणि मंडळाची वर्गणी चुकीच्या जागी पडू नये एवढ्यासाठी हे पत्र.

आमची मागणी आधीच सांगतो. आराखडा, जागा आणि मजकूर तुम्ही ठरवू नका. पैसे जरूर द्या, पण ज्या दोन गोष्टींना कुणी पैसे देत नाही त्यांना द्या: काम सुरू होण्याआधीची बोलणी आणि अनावरणानंतरची देखभाल. शिल्प ओतायला देणगीदार मिळतात. सहा बैठकांच्या प्रवासखर्चाला आणि दहाव्या वर्षीच्या मेणलेपाला मिळत नाहीत.

आता पार्श्वभूमी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. न्यू साउथ वेल्समध्ये १९०९ चा 'ॲबोरिजिनीज प्रोटेक्शन' कायदा होता. १९१५ च्या दुरुस्तीनं तिथल्या 'ॲबोरिजिनीज प्रोटेक्शन बोर्डा'ला कोर्टाची पायरी न चढता मूल ताब्यात घेता येऊ लागलं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्यानं 'चीफ प्रोटेक्टर' नावाचा सरकारी अधिकारी सोळा वर्षांखालच्या ॲबोरिजिनल मुलांचा कायदेशीर पालक झाला, आई जिवंत असताना. केंपसीजवळचं किंचेला हे मुलांचं वसतिगृह १९२४ ते १९७० चाललं. तिथे मुलांना नावाऐवजी आकड्यानं हाक मारत. मुलींसाठी कूटामंड्राचं घर होतं, तिथून त्यांना घरकामाला पाठवत. मानवी हक्क आयोगातर्फे सर रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांनी केलेल्या या ताटातुटीच्या चौकशीचा 'ब्रिंगिंग देम होम' हा अहवाल २६ मे १९९७ ला संसदेत मांडला गेला. चौकशीत ५३५ ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांची साक्ष घेतली होती. १९१० ते १९७० या काळात दहांत एक ते तिनांत एक मूल असं नेलं गेलं, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. सरकारची जाहीर माफी आली ती १३ फेब्रुवारी २००८ ला.

त्या अहवालात ५४ शिफारशी आहेत. सातवी स्मरणाबद्दलची आहे आणि तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागातून 'सॉरी डे' आला, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा भाग फारसा कुणी वाचत नाही. त्यात म्हटलंय की गावोगावी आणखी स्मारकांचे प्रस्ताव मागवावेत, आणि ॲबोरिजिनल समाजात व्यापक एकमत झाल्यावरच ते अमलात आणावेत. ठराव लिहिताना हे वाक्य समोर ठेवा. एकमत त्यांच्यात व्हायला हवं. आपल्या कार्यकारिणीत झालेलं एकमत इथे मोजलं जात नाही.

हे न पाळल्यानं काय होतं ते कॅनबेरात दिसलं. संसदेजवळची 'रिकन्सिलिएशन प्लेस' २००२ मध्ये खुली झाली. त्यातला मुलांच्या ताटातुटीचा भाग ताटातूट भोगलेल्यांशी पुरेसं न बोलता ठरला होता. हरकती आल्या. मग त्या लोकांशी बसून, त्यांच्याच शब्दांतला मजकूर घेऊन आणखी एक शिल्प करावं लागलं. उलट उदाहरण ॲडलेडजवळच्या ईडन हिल्सचं. तिथल्या कोलब्रुक होममध्ये वाढलेली माणसं आणि शेजारपाजारचे रहिवासी यांनी मिळून त्याच जागेवर १९९८ मध्ये 'फाउंटन ऑफ टिअर्स' आणि पुढच्या वर्षी 'ग्रीव्हिंग मदर' ही शिल्पं उभी केली. कारंज्यावर रिकामं कूलामन आहे. कूलामन म्हणजे आपल्या काथवटीसारखं लांबट, खोलगट लाकडी भांडं. त्यात आया पाणी, कंदमुळं आणि तान्ही मुलंही वाहून नेत. ते रिकामं का आहे हे ज्याची मुलं गेली त्याला सांगावं लागत नाही. अशी खूण बाहेरच्या समितीला सुचत नाही.

आता विचारायचं कुणाला? इथे बहुतेकांची गफलत होते, कारण दोन वेगळ्या गटांकडे जावं लागतं. पहिला गट त्या जमिनीच्या परंपरागत धन्यांचा. न्यू साउथ वेल्समध्ये सुरुवात 'लोकल ॲबोरिजिनल लँड कौन्सिल'पासून करा. व्हिक्टोरियात 'रजिस्टर्ड ॲबोरिजिनल पार्टी' असते, म्हणजे त्या भागासाठी नोंदलेली धन्यांची संस्था, राजकीय पक्ष नव्हे. मेलबर्नमध्ये वुरुंजेरी आणि बुनुराँग यांच्या हद्दी १ जुलै २०२१ पासून नव्यानं ठरल्या आहेत, त्यामुळे जुन्या कार्यक्रमपत्रिकेतलं नाव उचलून वापरू नका. दुसरा गट ताटातूट भोगलेल्यांचा, आणि ही माणसं बहुतेकदा त्या जमिनीची नसतात. मुलांना मुद्दाम लांब नेत, घरी पळून जाता येऊ नये म्हणून. त्यामुळे मेलबर्नच्या उपनगरात राहणाऱ्या एखाद्या आजींचं मूळ दोन राज्यं ओलांडून असू शकतं. जमिनीचे धनी जागेबद्दल बोलू शकतात, या आजींच्या दुःखाबद्दल नाही. आजी त्याबद्दल बोलू शकतात, पण जमीन देऊ शकत नाहीत. दोघांचा होकार लागतो आणि तो वेगवेगळ्या बैठकांत घ्यावा लागतो. न्यू साउथ वेल्समधली 'लिंक-अप' ही संस्था १९८० पासून तुटलेली कुटुंबं जोडते आहे. अशा संस्थांमार्फत गेलात तर दार नीट उघडतं. थेट कुणाच्या घरी फोन करू नका.

बैठकांना येणाऱ्या ज्येष्ठांना मानधन द्या, येण्याजाण्याची सोय करा, जेवण ठेवा. सल्ला फुकट मागणं हा अपमान समजला जातो आणि तो समज रास्त आहे. आणखी एक बारकावा. आपण समोरच्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला सहज 'अंकल', 'आंटी' म्हणतो. ॲबोरिजिनल समाजात ती मानाची पदवी आहे. आपण ती वापरली तर चालेल का, हे आधी विचारा.

वेळेचा हिशोब असा: पहिल्या भेटीपासून अनावरणापर्यंत दीड ते अडीच वर्षं धरा. समाजात कुणी गेलं की 'सॉरी बिझनेस' सुरू होतो, म्हणजे सुतक आणि अंत्यविधी. मग आठवडाभर काय, महिनाभरही बैठक होत नाही. ठेकेदाराच्या करारात ही मुभा लिहून घ्या, नाहीतर उशिराचा दंड कुणाच्या तरी मरणावर लागतो. येत्या २६ मेला अनावरण करायचंच असं ठरवून उलटी गणती सुरू केली की पहिली कात्री बोलण्यांवरच चालते. घाई मात्र एका बाबतीत हवी. 'स्टोलन जनरेशन्स', म्हणजे अशा नेल्या गेलेल्या मुलांच्या पिढ्या, त्यांतली सर्वांत धाकटी माणसंही आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. म्हणून पहिली भेट या महिन्यात घ्या, अनावरण जेव्हा होईल तेव्हा होवो.

शब्दांबद्दल थोडं, कारण मराठीत वेगळ्या अडचणी आहेत. 'स्टोलन जनरेशन्स' हे अनेकवचन आहे. आपल्या पत्रकांत 'चोरलेली पिढी' छापून येतं. 'चोरलेल्या पिढ्या' हवं, कारण आजी, आई आणि नात अशा तिन्ही नेल्या गेल्याची कुटुंबं आहेत. 'आदिवासी' लिहिलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मेळघाट आणि जव्हार येतं; 'मूलनिवासी' या शब्दाला आपल्याकडे स्वतःचं राजकारण आहे. सरळ 'ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक' लिहा, आणि समाजाचं नाव माहीत असेल तर तेच: वुरुंजेरी, गाडिगल, नूंगार. 'मुलांची ताटातूट झाली' असं लिहिलं की ती जणू आपोआप झाली. कुणी केली ते लिहा: कायद्याचं नाव, साल, बोर्डाचं नाव.

आपल्याला हे समजणं तसं अवघड नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी आपल्याकडेही जमातींना तारेच्या कुंपणात कोंडलं आणि मुलांना आईबापांपासून काढून सुधारशाळेत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. सोलापूरची सेटलमेंट मराठी माणसाला माहीत आहे. ३१ ऑगस्ट १९५२ हा विमुक्त दिन आपण पाळतो. तरीही ही तुलना इथल्या फलकावर आणू नका. ती आपल्या घरात बोलायची गोष्ट आहे.

आता साहित्य. कोणतं वापरायचं हे कलाकार आणि ज्येष्ठ ठरवतील, पण प्रश्न विचारायला तुम्हाला माहिती हवी.

सध्या सर्वांत जास्त मागणी गंजट रंगाच्या 'कॉर्टेन' पोलादाला आहे. लाल मातीशी मिळता रंग, रंगकामाचा खर्च नाही, आणि लेसरनं अक्षरं कापता येतात. या पोलादात तांबं, क्रोमियम वगैरे थोड्या प्रमाणात असतं, त्यामुळे वरचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. पण त्यासाठी पत्रा ओला होऊन पुन्हा पूर्ण वाळायला हवा. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो थर बसतच नाही, पत्रा पापुद्र्यांनी सुटत जातो. लाटा फुटतात त्या किनाऱ्यापासून निदान दोन किलोमीटर आत असाल तरच हा विचार करा. पहिली दोन-तीन वर्षं त्यावरून तपकिरी पाणी ओघळतं, आणि खाली फिकट काँक्रीट किंवा वालुकाश्म असेल तर कायमचे डाग पडतात. पत्र्याच्या पायाशी ३०० मिलिमीटर रुंदीचा गडद खडीचा पट्टा ठेवा आणि त्याखालून पाण्याला वाट द्या.

कॉर्टेन खरं कुजतं ते पायाशी. गुडघ्याएवढं खाली वाकून पाहिलं की कळतं: वरचा सगळा पत्रा सुंदर जांभळट तपकिरी, आणि जमिनीलगतची चार बोटं फुगलेली, नखानं उचकटली तर पोळीसारखे पदर सुटतात. कारण साधं असतं. बागकामाची माणसं दर हंगामात झाडांच्या सालीचा भुगा पसरतात, तो पत्र्याला टेकतो आणि तिथे ओल कधी सुटतच नाही. यावर उपाय म्हणजे तळपट्टी जमिनीपासून निदान ५० मिलिमीटर वर ठेवणं आणि कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बागखात्याला लेखी सूचना देणं. बोल्ट स्टेनलेसचे असतील तर मध्ये प्लॅस्टिकची नळी आणि चकती घाला. दोन धातू ओल्यात भिडले की कमी प्रतीचा धातू आधी खाल्ला जातो. आणि यावर कुणी स्प्रेनं काही लिहिलं तर पुसता येत नाही. तेवढा भाग वाळूच्या माऱ्यानं उघडा करून पुन्हा गंजू द्यावा लागतो, कित्येक महिने ठिगळ दिसतं.

लेसरनं आरपार अक्षरं कापताना इंग्रजी 'ओ', 'ए', 'डी' यांची पोटं गळून पडतात, म्हणून त्यांना पूल ठेवावे लागतात. देवनागरीत 'क', 'व', 'ब', 'थ' यांचं तेच होतं, शिवाय शिरोरेखा सलग कापली तर ओळच लोंबते. तसंही स्मारकावर मराठी मजकूर घालण्याचा आग्रह नको. तिथे पहिला मान जमिनीच्या भाषेचा. मराठी अनुवाद मंडळाच्या संकेतस्थळावर ठेवा. अक्षरांच्या कडा दोन मिलिमीटर गोल घासून घ्या. लोक नावं नुसती वाचत नाहीत, त्यांवरून बोट फिरवतात.

ब्राँझ टिकतं, पण ते भंगारात विकलं जातं आणि चोर ते जाणतात. आतून ३१६ जातीच्या स्टेनलेसच्या आटेदार सळया काढून, इपॉक्सीनं पायात बसवा. वरून दिसणारे नट ठेवू नका. वर्षातून एकदा सौम्य साबणानं धुऊन, पूर्ण वाळवून मेणाचा हात द्यायचा. एवढं केलं तर पन्नास वर्षं चिंता नाही. दोन वर्षं चुकलं की हिरव्या रेघा ओघळतात. ज्या भागाला लोकांनी हात लावावा असं वाटतं तो भाग दक्षिणेला तोंड करून ठेवा. भारतात आपण उत्तरेकडे सावली शोधतो. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. जानेवारीच्या दुपारी उत्तरेकडच्या ब्राँझवर तळहात टेकवता येत नाही, आणि हात टेकवण्यासाठीच तो तिथे असतो.

वालुकाश्म सिडनीकडे सुंदर मिळतो. माउंट ॲननच्या वनस्पती उद्यानातलं शिल्पकार बॅजर बेट्स यांचं शिल्प त्याच दगडातलं आहे. या दगडाला खालून ओल चढू देऊ नये. ओलीबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं, आणि आपल्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो तसा तळाचा दगड भुरभुरतो. तळाशी ओल अडवणारा थर हवाच. बोअरच्या पाण्याचे फवारे दगडाकडे तोंड करून असतील तर लोहाचे पिवळे डाग पडतात. बारीक अक्षरं या दगडात कोरू नका. २० मिलिमीटर उंचीची अक्षरं काही वर्षांत वाचता येत नाहीत. ४० हून कमी घेऊच नये, आणि खाच इंग्रजी 'व्ही'सारखी उतरती हवी, म्हणजे पाणी साचत नाही.

भित्तिचित्र सर्वांत स्वस्त, म्हणून मंडळांना ते आवडतं. पण इथलं ऊन रंग खातं. पश्चिमेची भिंत टाळा. लोखंडाच्या ऑक्साइडचे गेरू, पिवळी माती, काव हे रंग टिकतात. भडक सेंद्रिय लाल आणि पिवळे आधी उडतात. नवं काँक्रीट निदान २८ दिवस मुरू द्या. वर लेखनविरोधी लेप दोन जातींचा मिळतो: एक टिकाऊ, ज्यावरचं लिखाण द्रावणानं पुसतात, दुसरा लिखाणासकट गरम पाण्यानं धुऊन पुन्हा लावायचा. दगडाला दुसरा, चित्राला बहुधा पहिला. चित्राचं आयुष्य सात ते दहा वर्षं आहे हे पहिल्याच बैठकीत ज्येष्ठांना सांगा आणि ते संपल्यावर काय करायचं हे करारात लिहा: पुन्हा रंगवायचं की मानानं पुसायचं. हे न ठरवल्यानं लहान मुलांचे चेहरे पापुद्रे सुटलेले तसेच भिंतीवर राहतात, आणि ते पाहणाऱ्या कुटुंबांना पुन्हा एकदा दुर्लक्ष दिसतं.

कारंजं मागितलं गेलं तर पंप, गाळणी, पाण्याची शुद्धता आणि दुष्काळातले पाणीनिर्बंध यांचा खर्च लेखी दाखवा. पाणी बंद असतानाही शिल्प अपुरं दिसू नये, अशी रचना कलाकाराकडून आधीच मागा.

पायाबद्दल: मेलबर्नच्या पश्चिमेकडची काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, अगदी आपल्या देशावरच्या काळ्या रानासारखी. तीत उथळ चौथरा घातला की तीन-चार वर्षांत तो कलतो. आधी माती तपासणी, मग अभियंत्याच्या आकड्याप्रमाणे खोल खांब. खोदण्याआधी जमिनीखालच्या वायू, वीज, पाण्याच्या वाहिन्यांचे नकाशे मागवा. जुनं झाड असेल तर छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजून त्याच्या बारापट त्रिज्येत खोदू नका. अर्ध्या मीटरच्या खोडाला सहा मीटर. व्हिक्टोरियात नाव असलेल्या ओढ्या-नद्यांपासून २०० मीटरच्या आतली जमीन सांस्कृतिक वारशाच्या दृष्टीनं संवेदनशील धरतात. तिथे वेगळी परवानगी लागते का, हे कौन्सिलला पहिल्याच पत्रात विचारा.

ही जागा कुणाच्या शरीरासाठी आहे तेही पाहा. येणारी माणसं सत्तरी-ऐंशीची असतील, चाकाच्या खुर्चीत असतील. उतार १:१४ पेक्षा तीव्र नको आणि दर नऊ मीटरला सपाट थांबा हवा. जमलं तर १:२० च ठेवा. बाक ४५० मिलिमीटर उंच, पाठ आणि दोन्ही हात असलेला. पाठ नसलेले सुबक दगडी ओटे छायाचित्रात छान दिसतात, आजींना त्यांवरून उठता येत नाही. सावली, पिण्याचं पाणी, जवळ शौचालय. स्मारकात दिवंगतांची नावं किंवा छायाचित्रं असतील तर तसं सांगणारा फलक वीस-पंचवीस पावलं आधी लावा, म्हणजे ज्याला पाहायचं नाही त्याला वळता येतं. शिल्पाच्या बुडाशी लावलेली सूचना वाचेपर्यंत पाहून झालेलं असतं.

नावांबाबत सर्वांत सावध राहा. सरकारी नोंदवहीतून यादी घेऊन कोरायला देऊ नका. त्या वह्यांत नावं बदललेली आहेत, जन्मतारखा अंदाजे घातलेल्या आहेत, भावंडांना वेगळी आडनावं दिलेली आहेत. एकाच माणसाला आईनं ठेवलेलं नाव, वसतिगृहानं दिलेलं नाव आणि एक आकडा अशी तीन ओळख असते. त्यांतलं कोणतं कोरायचं, की काहीच कोरायचं नाही, हे तो माणूस किंवा त्याचं कुटुंब सांगेल. काही समाजांत गेलेल्या माणसाचं नाव ठरावीक काळ उच्चारत नाहीत. एका अखंड पाटीवर साठ नावं कोरली आणि एक चुकलं तर सगळी पाटी बदलावी लागते. म्हणून प्रत्येक नावाला वेगळी पट्टी घ्या, मागून स्क्रूनं बसणारी. एकेक काढता येते, लावता येते, आणि पुढे कुणी पुढे आलं तर जागा असते. निदान एक तृतीयांश पट्ट्या कोऱ्या ठेवा. वसतिगृहांची जुनी छायाचित्रं वापरायची तर त्यातल्या प्रत्येक ओळखल्या जाणाऱ्या मुलाच्या कुटुंबाची संमती हवी. संग्रहालयाची परवानगी फक्त छायाचित्राच्या वापराची असते.

झाडं लावायची तर जांभळी देशी जास्वंद पुष्कळदा सुचवली जाते, कारण ती या पिढ्यांची खूण म्हणून स्वीकारली गेली आहे. तिला आपली लाल जास्वंद समजून रोपवाटिकेतून चिनी जात आणू नका. 'ॲलिओजायनी' हे नाव घेऊनच मागा. तिला ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी, कोवळेपणी हिमकडाक्यानं ती मरते, बहर संपल्यावर शेंडे छाटले नाहीत तर ती लांबट आणि विरळ होते. झुडूप फार वर्षं जगत नाही, म्हणून दर काही वर्षांनी नवी रोपं लावण्याची तरतूद करा. जमिनीच्या धन्यांनी दुसरं स्थानिक झाड सुचवलं तर तेच लावा.

आपल्या सवयींबद्दल मोकळेपणानं बोलतो. आपल्याला कोनशिला आवडते: हस्ते, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, सौजन्य. या स्मारकावर मंडळाचं नाव नको. द्यायचंच झालं तर कौन्सिलच्या नोंदीत आणि वार्षिक अहवालात येऊ द्या. अनावरणाला दीपप्रज्वलन, नारळ, हार, हळदकुंकू आपणहून करू नका. हळद सच्छिद्र दगडात मुरते, ओलं कुंकू आणि फुलांचा रस ब्राँझवर डाग पाडतो, तेल धूळ धरतं. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो विधी त्यांचा आहे. धुराचा संस्कार, स्वागत आणि बोलण्याचा क्रम जमिनीचे धनी आणि ज्येष्ठ ठरवतील. 'वेलकम टू कंट्री', म्हणजे आपल्या जमिनीवर पाहुण्यांचं स्वागत, फक्त तेच करू शकतात. आपण 'ॲक्नॉलेजमेंट', म्हणजे जमिनीच्या धन्यांचा आदरानं उल्लेख, म्हणू शकतो. आपलं काम खुर्च्या मांडणं, चहा देणं, ने-आण करणं. समुपदेशक हजर असावा, एक शांत खोली किंवा तंबू बाजूला ठेवावा, आणि '१३ यार्न' या ॲबोरिजिनल मदतवाहिनीचं नाव कार्यक्रमपत्रिकेत असावं. २६ जानेवारीला, म्हणजे 'ऑस्ट्रेलिया डे'ला, यातलं काहीही ठेवू नका; ॲबोरिजिनल समाजात अनेकांसाठी तो शोकाचा दिवस आहे.

आता खजिनदारांसाठी. समजा १,२०,००० डॉलर आहेत. आम्ही असे वाटू: बोलणी, मानधन आणि प्रवास १८,०००, कलाकाराचं मानधन आणि आराखडा १८,०००, माती तपासणी, अभियंता, परवाने १०,०००, घडवणं ३२,०००, पाया, वाहतूक, उभारणी १२,०००, वाट, बाक, झाडं ६,०००, अडीअडचणींसाठी १२,०००, आणि दहा वर्षांची देखभाल १२,०००. कलाकार ॲबोरिजिनल असावा, शक्यतो त्याच समाजातला, आणि आराखडा नापसंत झाला तरी आराखड्याचे पैसे त्याला मिळावेत. तुमचं मंडळ या रकमेचा एखादाच भाग देणार असेल तर पहिल्या १८,००० साठी आणि शेवटच्या १२,००० साठी द्या. मधल्या रकमेला कौन्सिल आणि राज्याची अनुदानं मिळू शकतात.

देखभालीचा निधी मंडळाच्या खात्यात ठेवू नका, कार्यकारिणी दर वर्षा-दोन वर्षांनी बदलते. कलाकृती कौन्सिलच्या मालमत्ता-नोंदीत आली आहे याचा लेखी पुरावा घ्या. तो नसेल तर पाच वर्षांनी एखादा बोल्ट सैल झाला की ते काम कुणाचं हेच कुणाला सांगता येत नाही. सोबत दोन पानांची देखभाल-पत्रिका द्या: धातूची जात, मेणाचा प्रकार, लेपाचं नाव, रंगांचे क्रमांक, बोल्टचे माप, घडवणाऱ्या कार्यशाळेचं नाव. आणि २००० पासून इथल्या कायद्यात कलाकाराचे नैतिक हक्क आहेत. त्याचं नाव लावलंच पाहिजे, आणि शिल्प हलवण्याआधी किंवा काढण्याआधी त्याला लेखी कळवण्याचा रास्त प्रयत्न मालकानं केला पाहिजे. बाग नव्यानं आखताना हे विसरलं जातं, म्हणून पत्रिकेच्या पहिल्याच ओळीत लिहा.

मंडळाची माणसं महिन्यातून वीस मिनिटं देऊ शकली तर फार मोठं काम होईल. पाला झाडणं, पत्र्यापासून भुगा मागे ओढणं, बाकाचे स्क्रू हलतात का पाहणं, चार ठरावीक कोनांतून छायाचित्रं काढून कौन्सिलला पाठवणं. साबणाव्यतिरिक्त काही वापरू नका. उच्च दाबाचा फवारा तर मुळीच नको. लोकांनी ठेवलेली फुलं, खेळणी, चिठ्ठ्या उचलण्याआधी त्यांचं काय करायचं हे ज्येष्ठांना विचारलेलं असू द्या.

सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा मसुदा आम्ही जोडतो. तो बदलून घ्या, पण त्याचा क्रम बदलू नका:

"चोरलेल्या पिढ्यांच्या स्मरणासाठी या परिसरात काही व्हावे काय, आणि झाल्यास काय व कुठे, हे ताटातूट भोगलेले ज्येष्ठ व या जमिनीचे परंपरागत धनी ठरवतील. त्यांच्या बैठकांचे मानधन, प्रवास व भोजन यांसाठी मंडळ पहिल्या वर्षी रक्कम देईल. त्यांनी स्मारक नको असे ठरवल्यास ही रक्कम परत मागितली जाणार नाही. स्मारक झाल्यास मंडळ दहा वर्षांच्या देखभालीचा निधी कौन्सिलकडे जमा करील आणि दरमहा दोन स्वयंसेवक देईल. स्मारकावर मंडळाचे नाव असणार नाही."

आपले,
मेलबर्न आणि सिडनी येथील सार्वजनिक कलाकृतींच्या पाया, धातू, दगड आणि देखभालीच्या कामांतले काही मराठी कारागीर व अभियंते